युक्रेनचं युद्ध इंदूरच्या मंडीत कसं आलं : एक पार्श्वभूमी

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. त्यानंतरचं वाचकांनी रोज पाहिलं आहे. कीवच्या वेशीवर अडलेली रणगाड्यांची रांग, बुचा, मारिउपोल, खेरसनची सुटका, काखोव्का धरण फुटणं, यातलं काही पुन्हा सांगत बसत नाही. या टिपणात त्या युद्धामागचे धागे आणि पुढचे परिणाम आहेत, आणि माझा भर मार्च ते जून २०२२ या चार महिन्यांवर आहे. मी इंदूरच्या छावणी मंडीत एका आडत पेढीवर वहीखातं सांभाळतो. त्या चार महिन्यांत हे युद्ध आमच्या वहीत उतरलं, आणि ते माझ्याच हाताने लिहिलं गेलं.

आधी शब्दाचं. रशिया याला 'विशेष लष्करी कारवाई' म्हणतो. आपल्या सरकारने 'आक्रमण' हा शब्द टाळला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २ मार्च २०२२ ला निषेधाच्या ठरावावर मतदान झालं, तेव्हा १४१ देश बाजूने, ५ विरोधात आणि ३५ तटस्थ होते. भारत त्या ३५ मध्ये होता. तटस्थ राहण्याची कारणं मला समजतात. पण परक्याची हद्द फौज घेऊन ओलांडली तर मराठीत त्याला आक्रमणच म्हणतात, म्हणून इथे तोच शब्द.

काळ्या समुद्राचा गहू आणि आपल्याकडचा गहू यांची गाठ जुनी आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, १८७३ मध्ये गव्हावरची निर्यात जकात उठली, आणि हिंदुस्थानचा गहू विलायतेच्या बाजारात रशियन गव्हाच्या शेजारी जाऊन बसला. त्याच सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले. गाडी आली आणि माळव्याचा माल मुंबई बंदराला जोडला गेला. ओडेसात भाव हलला की त्याची झळ इथे लागायची सोय तेव्हापासूनची आहे. पुढे दोन महायुद्धं, रेशनिंग, अमेरिकेचा पीएल-४८० या मदत कायद्याखालचा गहू आणि हरितक्रांती असा मोठा काळ गेला. त्या काळात भारत गहू विकणारा राहिला नव्हता, मागणारा झाला होता.

आता कारणांकडे. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात युक्रेनच्या नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा युक्रेनच्या भूमीवर होता, जवळपास १,९०० लांब पल्ल्याची अण्वस्त्रं. त्यांच्या वापराची कळ मॉस्कोत होती हे खरं, पण ती सोडून देण्याच्या बदल्यात युक्रेनला काहीतरी लेखी हवं होतं. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा मान राखण्याचं लिहून दिलं. त्या कागदाच्या इंग्रजी मसुद्यात 'ॲश्युरन्स' म्हणजे आश्वासन हा शब्द आहे, आणि रशियन व युक्रेनियन मसुद्यांत जो शब्द आहे त्याचा अर्थ हमी असा होतो. आमच्या धंद्यात हा फरक पोराटोरांनाही कळतो. 'मी बघतो, तुम्ही माल पाठवा' हे आश्वासन. हुंडीवर सही केली तर ती हमी. सही करणाऱ्याच्या दारात पैसे मागायला जाता येतं, 'बघतो' म्हणणाऱ्याकडे गेलं तर चहा मिळतो.

२०१४ मध्ये क्रिमिया गेला आणि युक्रेनने तो कागद काढला. रशिया म्हणाला, कीवमध्ये उठाव होऊन सरकार बदललं आहे, आम्ही त्या सरकारला काही लिहून दिलं नव्हतं. बाकी दोघांनी निर्बंध लावले, निषेध केला, आणि फौज पाठवली नाही.

आपल्याकडे चर्चेत एकच कारण पुढे येतं, नाटोचा पूर्वेकडचा विस्तार. त्यात तथ्य आहे. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत युक्रेन आणि जॉर्जिया 'सदस्य होतील' असं जाहीर झालं, पण कधी आणि कसं ते ठरलं नाही. दार उघडं दाखवायचं आणि आत घ्यायचं नाही, यात युक्रेनचं दोन्ही बाजूंनी नुकसान झालं. रशियाला डिवचलं गेलं आणि युक्रेनला संरक्षण मिळालं नाही. तरीही तारखांचा क्रम बघा. २०१० मध्ये युक्रेनने कायदा करून स्वतःला कुठल्याही लष्करी गटाबाहेर ठेवलं होतं. क्रिमिया हिसकावला गेला तेव्हा तो कायदा लागू होता. गटाबाहेर राहण्याचं धोरण त्यांनी सोडलं ते क्रिमिया गेल्यावर, डिसेंबर २०१४ मध्ये. आणि २०१३ च्या नोव्हेंबरात कीवमध्ये लोक रस्त्यावर आले ते नाटोसाठी नव्हे, युरोपीय संघाशी होऊ घातलेला व्यापारी करार ऐनवेळी थांबवला म्हणून. जुलै २०२१ मध्ये रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी लांबलचक लेख लिहून रशियन आणि युक्रेनियन ही एकच जनता आहे असं मांडलं. शेजाऱ्याला वेगळं असण्याचा हक्कच नाही असं एकदा ठरवलं, की मग क्षेपणास्त्रं कुठे तैनात आहेत हा प्रश्न दुय्यम होतो. पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठी झालेले मिन्स्कचे दोन करार, सप्टेंबर २०१४ आणि फेब्रुवारी २०१५, हे मधल्या काळातलं ठिगळ होतं. आधी निवडणुका की आधी सीमेचा ताबा, यावर ते फाटलं.

आता २०२२ चा वसंत.

जगात निर्यात होणाऱ्या गव्हापैकी पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक रशिया आणि युक्रेन मिळून पुरवत होते. ओडेसाची बंदरं बंद पडली आणि मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेचा खाद्यभाव निर्देशांक तोवरच्या उच्चांकाला गेला. इजिप्त, लेबनॉन, ट्युनिशिया, सोमालिया असे देश नव्या विक्रेत्याच्या शोधात निघाले. भारताकडे गहू होता. २०२१-२२ या वर्षात आपण ७० लाख टनांच्या आसपास गहू बाहेर पाठवला होता, आणि पुढच्या वर्षासाठी १०० लाख टनांचं लक्ष्य जाहीर झालं होतं. जागतिक व्यापार संघटनेने परवानगी दिली तर भारत जगाला अन्न पुरवायला तयार आहे, असं देशाचं नेतृत्व जाहीरपणे सांगत होतं. मध्य प्रदेश सरकारने निर्यातीच्या गव्हावर मंडी कर न घेण्याची घोषणा केली.

मंडीत तेव्हा काय वातावरण होतं ते सांगायला हवं. हमीभाव क्विंटलला २,०१५ रुपये होता. एरवी लोकवन गव्हाच्या ढिगापुढे उभा राहून शेतकरी विचारायचा, सरकारी केंद्रावर नेऊ की इथे टाकू. त्या वर्षी हा प्रश्न उरलाच नाही. मिल क्वालिटीचा साधा गहूसुद्धा हमीभावाच्या वर जात होता. सकाळी आठला ट्रॉल्यांची रांग बाहेरच्या रस्त्यापर्यंत, आणि निलामीत बोली चढली की शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. देपालपूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पैसे मोजून घेतले आणि मला म्हणाला, "भैया, लड़ाई तो बुरी चीज है, पर दाना पहली बार इज्जत से बिका." तो खूश होता आणि त्या खुशीची त्याला लाजही वाटत होती. मला ती लाज मोठी वाटली.

आकड्यांतही ते दिसतं. मध्य प्रदेशात आदल्या वर्षी सरकारी खरेदी १२८ लाख टन झाली होती, २०२२ मध्ये ती ४६ लाख टनांवर आली. देशभरात ४३३ लाख टनांवरून जवळपास १८८ लाख टनांवर. गहू व्यापाऱ्याकडे गेला होता. त्यातच तो मार्च १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च ठरला. माळव्यात पेरणी लवकर होते, दाणा तापायच्या आत बराच भरलेला असतो. पंजाब-हरियाणात मात्र दाणा सुरकुतला आणि उत्पादनाचे अंदाज खाली आले. एप्रिलची किरकोळ महागाई ७.७९ टक्के निघाली, आठ वर्षांतली सर्वांत जास्त.

१२ मेला केंद्र सरकारने जाहीर केलं की गव्हाची निर्यात वाढवण्यासाठी नऊ देशांत व्यापारी शिष्टमंडळं पाठवणार. १३ मेला, शुक्रवारी, निर्यातबंदीची अधिसूचना निघाली.

या निर्णयावर मी जरा जास्त लिहिणार आहे. बाहेर याची नोंद 'भारताने गहू बंद केला' एवढीच झाली, आणि खरा पेच बंदीत नव्हता, सवलतीच्या एका ओळीत होता. बंदीला दोन अपवाद ठेवले होते. एक, ज्या देशाला गरज आहे त्याच्या सरकारने मागितलं तर केंद्र परवानगी देईल. दोन, ज्या मालासाठी अधिसूचनेच्या तारखेपर्यंत 'अपरिवर्तनीय पतपत्र' निघालं आहे तो माल जाऊ शकेल. पतपत्र म्हणजे धंद्यातली एलसी. परदेशी खरेदीदाराची बँक आपल्या निर्यातदाराच्या बँकेला कळवते की ठरल्या कागदांसह माल चढला की पैसे आम्ही देऊ. अपरिवर्तनीय म्हणजे सगळ्यांच्या संमतीशिवाय ती मागे घेता येत नाही.

वरवर पाहिलं तर हे न्याय्य वाटतं. ज्याचा सौदा पक्का त्याला जाऊ द्या. पण पक्का सौदा म्हणजे एलसी, हे गृहीतच चूक होतं. धान्याच्या व्यवहारात पुष्कळ सौदे एलसीशिवाय होतात. काही मालाचे कागद मिळाल्यावर पैसे या पद्धतीने, काही आगाऊ रकमेवर, आणि शेजारच्या देशांशी तर वर्षानुवर्षांच्या ओळखीवर. करार सही होऊन पडला होता, जहाज ठरलं होतं, पण एलसी उघडायची होती, असे कितीतरी जण एका रात्रीत बेकायदा ठरले.

आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की एलसी साखळीतल्या फक्त शेवटच्या माणसाकडे असते. शेतकऱ्याकडून निलामीत माल घेतो तो मंडीतला व्यापारी, आणि त्याला त्याच दिवशी पैसे चुकते करावे लागतात. तो दलालामार्फत विकतो गांधीधामच्या निर्यातदाराला, 'पोच कांडला' या बोलीवर. म्हणजे माल बंदरावर पोचून, परखी लागून, म्हणजे गोणीत सळई खुपसून काढलेला नमुना तपासून, पास होईपर्यंत तो विकणाऱ्याच्या जोखमीवर असतो. एलसी निर्यातदाराच्या नावाची. आमच्याकडे असते ती बिल्टी, म्हणजे ट्रकवाल्याची मालाची पावती, आणि दलालाची चिठ्ठी. सरकारने ज्या कागदाला मान दिला तो कागद आमच्या हातात कधी येतच नाही.

१४ मेला शनिवारी सकाळी मंडी उघडायच्या आधीच सगळ्यांच्या फोनवर ती अधिसूचना आली होती. माझे शेठ दोन वेळा वाचून म्हणाले, "गोडबोले, गाड्या कुठे आहेत ते बघा." आमचे तीन ट्रक वाटेत होते. एक दाहोदच्या पुढे, दोन गांधीधामला पोचून रांगेत. दाहोदच्या पुढचा मागे फिरवला. रांगेतल्या दोघांना आत घेईनात. कांडल्याच्या बाहेर त्या आठवड्यात हजारो ट्रक उभे होते, त्यातले फार मोठ्या संख्येने मध्य प्रदेशातले. आमच्या एका चालकाने व्हिडिओ पाठवला, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. मे महिन्याचं कच्छचं ऊन, ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून पोळ्या भाजणारा क्लीनर, ताडपत्रीचा एक कोपरा वर केलेला आणि त्यातून दिसणारी आमच्या पेढीचा शिक्का असलेली गोणी. चालक फक्त एवढंच विचारतो, "बाबूजी, कब तक?" ट्रक खोळंबल्याचं हॉल्टिंग रोज चढत होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोनच दिवसांत इथल्या भावात क्विंटलमागे शंभर-दीडशे रुपयांची घसरण झाली. राज्यातल्या मंड्यांनी १७ आणि १८ मेला बंद पाळला. १७ मेला केंद्राने थोडी ढील दिली. जो माल १३ तारखेपर्यंत कस्टमकडे तपासणीला देऊन नोंदवला गेला होता तो जाऊ दिला. रस्त्यावरचा माल त्यात बसला नाही, कारण रस्त्यावरच्या ट्रकची नोंद कस्टमकडे नसते, बिल्टीवर असते. मग मागच्या तारखेच्या एलसी निघू लागल्या. सरकारने आधी बँकांमधल्या स्विफ्ट निरोपाची तारीख मागितली, आणि ३० मेला प्रत्येक एलसीची प्रत्यक्ष पडताळणी करा, खोट्या निघाल्या तर तपास यंत्रणांकडे द्या, असा आदेश काढला. तो आदेश योग्यच होता. पण अशी पळवाट कुणाला परवडते हेही बघावं. परदेशात ज्याची ओळखीची बँक आहे त्यालाच. छावणीतल्या व्यापाऱ्याला मागच्या तारखेची बिल्टी करूनही काही उपयोग नव्हता, आणि आम्ही ती केली नाही.

आमच्या दोन ट्रकांचं पुढे असं झालं. ज्या निर्यातदाराला माल विकला होता त्याच्याकडे एलसी होती. त्याने कळवलं की एलसीत बसेल एवढा माल आमच्याकडे झाला आहे, तुमचा घ्यायचा तर नव्या भावाने घेऊ. नवा भाव म्हणजे पडलेला भाव. सौदा जुन्या भावाचा होता, चिठ्ठी होती, दलाल साक्षीला होता. त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्या आठवड्यात असं वागणारा तो एकटा नव्हता. शेठनी नवा भाव पत्करला. अकराव्या दिवशी गाड्या रिकाम्या झाल्या. हॉल्टिंग वजा जाता ती रक्कम मी वहीत 'कांडला घाटा' या नावाने टाकली, आणि ते खातं त्या वर्षअखेरपर्यंत तसंच उघडं होतं.

सरकारची बाजू पोकळ होती असं मी म्हणत नाही. कोठारं भरली नव्हती. मोफत रेशनात गव्हाच्या जागी तांदूळ द्यायची वेळ आधीच आली होती. गहू सगळा बाहेर गेला असता आणि डिसेंबरात पीठ महागलं असतं, तर बिगारी कामावर जाणाऱ्या घरात पोळी कमी झाली असती, आणि त्याचा दोष मंडीवरच आला असता. निर्यातीला आवर घालणं समजू शकतं. मला खटकतं ते तीन गोष्टींत. आदल्या दिवशी शिष्टमंडळांची घोषणा करून दुसऱ्या दिवशी बंदी. मधला मार्ग, म्हणजे कोटा किंवा किमान निर्यात मूल्य, न चाचपता थेट कुलूप. आणि सवलतीसाठी निवडलेला कागद. १३ मे रोजी माल कुठे होता ते बिल्टीवर लिहिलेलं असतं, ट्रकचा नंबर आणि टोलनाक्याच्या पावतीसह. त्या तारखेपर्यंतच्या बिल्टीला मान दिला असता तर बंदीही राहिली असती आणि लहान माणूसही वाचला असता.

बंदीनंतरच्या सोमवारी शिकागोच्या वायदेबाजारात गहू जवळपास सहा टक्क्यांनी वर गेला. श्रीमंत देशांच्या गटाने भारतावर टीका केली. ती टीका मला दुटप्पी वाटते, कारण त्यातल्या कित्येकांनी कोविडच्या वर्षात लशी आधी स्वतःसाठी साठवल्या होत्या. सरकारी परवानग्या आणि एलसीच्या वाटेने २०२२-२३ मध्येही सुमारे ४७ लाख टन गहू गेलाच. त्यातली एक खेप तुर्कस्तानने रुबेला आहे म्हणून परत लावली. रुबेला हा माणसांना होणारा आजार आहे, त्यामुळे मंडीत तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुणाचा विश्वास बसेना.

काळ्या समुद्राची वाट २२ जुलै २०२२ च्या इस्तंबूल करारानंतर उघडली आणि १ ऑगस्टला मक्याचं पहिलं जहाज ओडेसातून निघालं. वर्षभरात जवळपास ३.३ कोटी टन धान्य त्या वाटेने बाहेर पडलं. १७ जुलै २०२३ ला रशिया त्यातून बाहेर पडला. तोवर जागतिक भाव उतरले होते, आणि पुढे युक्रेनने किनाऱ्याकिनाऱ्याने स्वतःची वाट काढली.

तेलाची गोष्ट याहून लांब चालली. आपण आणतो त्या सूर्यफूल तेलापैकी युद्धाआधी सत्तर टक्क्यांच्या आसपास युक्रेनचं असे. मार्च २०२२ मध्ये सियागंजात, म्हणजे इंदूरच्या घाऊक किराणा बाजारात, डबे मोजून मिळू लागले. त्यात २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, ती २३ मेपर्यंत. शेव-नमकीन हा ज्या शहराचा धंदा आणि ओळख दोन्ही आहे तिथे तेलाचा डबा महागणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मल्हारगंजातल्या एका शेववाल्याने पुड्याचं वजन दोनशे ग्रॅमवरून एकशे ऐंशीवर आणलं आणि तसं पाटीवर लिहून लावलं.

केंद्राने भाव आवरण्यासाठी कच्चं सोयाबीन तेल आणि कच्चं सूर्यफूल तेल, प्रत्येकी वर्षाला २० लाख टन, दोन वर्षांसाठी शुल्कमुक्त केलं. गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला. पण माळव्याचा शेतकरी खरिपात सोयाबीन पेरतो. २०२१ च्या ऑगस्टात ज्या सोयाबीनला दहा हजारांचा भाव दिसला होता, ते २०२४ मध्ये ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली गेलं. जगात तेलबियांचं पीकही उदंड आलं होतं, सगळा दोष आयात धोरणाला देता येणार नाही. तरी युद्धाच्या वर्षात उघडलेलं दार युद्धाचे भाव उतरल्यावरही उघडंच राहिलं, हे मला नोंदवावंसं वाटतं. सप्टेंबर २०२४ मध्ये गावोगाव ट्रॅक्टर निघाले, मागणी सहा हजारांची होती. तेव्हा कुठे कच्च्या तेलांवरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं आणि मध्य प्रदेशात सोयाबीनची हमीभावाने खरेदी करायला केंद्राने मान्यता दिली. गंमत पाहा म्हणवत नाही, पण सूर्यफूल तेलात आज आपला मोठा पुरवठादार युक्रेनऐवजी रशिया झाला आहे.

खताचंही तसंच. रशिया आणि बेलारूस मिळून पोटॅशचे मोठे विक्रेते, आणि वायू महागला की युरियाही महागतो. डीएपीची गोणी शेतकऱ्याला १,३५० रुपयांनाच मिळत राहिली, कारण २०२२ च्या खरिपासाठी एका गोणीमागे २,५०१ रुपये सरकारने भरले. हा भार लोकांच्या नजरेत आला नाही. गोणीची रांग मात्र आली.

माणसांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. 'ऑपरेशन गंगा'तून सुमारे २२,५०० भारतीय परत आले, बहुतेक वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलं. आमच्या राजेंद्र नगरात शेजारच्या घरची मुलगी खारकीव्हहून आली. तिची आजी तीन रात्री देवघरासमोर बसून होती. मुलगी दारात उभी राहिली तेव्हा आजीने ओवाळायला ताट आणलं आणि तिचे सुजलेले पाय बघून ताट खाली ठेवलं, आधी गरम पाण्याची बादली आणली. सीमेपर्यंतचा शेवटचा टप्पा ती बर्फातून चालली होती. अभ्यासाचा प्रश्न मात्र वर्षभर लोंबकळला. इथल्या महाविद्यालयांत सामावून घेता येणार नाही असं ठरलं. दुसऱ्या देशातल्या विद्यापीठातून शिक्षण पुरं करण्याची मुभा सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाली, आणि शेवटच्या टप्प्यावरच्यांना इथे परीक्षा देण्याची एकवेळची संधी मार्च २०२३ मध्ये. ती मुलगी जॉर्जियाला गेली. घरच्यांनी दुसऱ्यांदा कर्ज काढलं.

आणि कच्चं तेल. मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्याअखेर पिंपाचा भाव १३९ डॉलरला शिवून आला. युरोपने रशियाकडे पाठ फिरवली तसं ते तेल सवलतीत पूर्वेकडे वळलं. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांहून कमी होतं, २०२३ पर्यंत ते एक तृतीयांशाच्या वर गेलं. श्रीमंत देशांनी ठरवलेली ६० डॉलरची कमाल किंमतही तेल बाजारात येत राहावं, फक्त रशियाला कमी मिळावं, याच हिशेबाची होती. अशा तेलासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि एकूण शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. रशियन तेल स्वस्त आणलं ते शुद्धीकरण कारखान्यांनी, फटका बसला तो कपडा आणि कोळंबी विकणाऱ्यांना.

गव्हाच्या बाबतीत बंदीनंतरची वर्षं अशी गेली. जून २०२३ मध्ये पंधरा वर्षांत पहिल्यांदा व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा आली, आणि आम्हाला साठा दर आठवड्याला पोर्टलवर भरावा लागू लागला. एप्रिल २०२४ मध्ये सरकारी कोठारातला गहू २००८ नंतरच्या नीचांकावर होता. शेतकऱ्याने केंद्रावर माल आणावा म्हणून राज्याने बोनस सुरू केला. २०२५ मध्ये हमीभाव २,४२५ आणि वर १७५, म्हणजे २,६०० रुपये. त्या वर्षी केंद्रांवर पुन्हा रांगा लागल्या.

आमच्या पेढीने त्यानंतर बंदराचा सौदा केलेला नाही. माल आता दक्षिणेतल्या आणि गुजरातेतल्या मिलांना जातो. देपालपूरचा तो शेतकरी दर चैत्रात येतो, ढिगाशेजारी उकिडवा बसतो, आणि बोली सुरू होण्याआधी मला विचारतो की या साली बाहेरचा रस्ता खुलणार का. मी वही उघडून बिल्टीचे नंबर लिहायला घेतो.